लाभाचं माप

कमळा नागपूरहून आली त्या दिवसापासून घरात खुर्ची होती. दादाजींनी ती शाळेतून मागून, गडी लटारूच्या डोक्यावर आणवली होती आणि ओसरीत मधोमध मांडली होती. या घरात आजवर कुणी खुर्चीवर बसलं नव्हतं. तहसीलदार येऊन गेला तेव्हासुद्धा बाजेवर सतरंजी टाकून भागलं होतं. पण एम.कॉम. झालेल्या पुतणीला जमिनीवर कसं बसवायचं? मग कमळा वर आणि बाकीचं घर खाली, आणि तिच्याशी बोलायचं तर सगळ्यांच्या माना वर, असा प्रकार चालला होता. ती हळूच उतरून चुलीपाशी मायजवळ जाऊन बसली की दादाजी कासावीस होत.

"वर बस न, बाई. धूर लागते तिथी."

ज्या पोरीला खांद्यावर बसवून त्यांनी धानाच्या बांधीबांधीने फिरवलं होतं, तिला ते आता बाई म्हणत होते. तो शब्द ऐकला की कमळाचा घास तोंडातच फिरायचा.

दादाजींचंही काही चुकत नव्हतं. पदवीदानाला धाकट्या भावाबरोबर तेही नागपूरला गेले होते. त्या मोठ्या मंडपात, काळा झगा घातलेल्या शेकडो पोरांच्या रांगेत मोजक्या पोरी, आणि त्यांतली एक आपली. नाव पुकारल्यावर ती पायऱ्या चढून गेली तेव्हा दादाजी आपोआप उठून उभे राहिले, आणि मागच्यांनी धोतर ओढून त्यांना खाली बसवलं. घरी आल्यावर बायकोला, मनकर्णाबाईला, त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "आपली पोरगी नाई वाटे व. पाया पडाव असं वाटे."

आणि आता ती त्याच्याही पुढे निघाली होती. हिशेबशास्त्रात पीएच.डी. करायची होती तिला. गावात कुणाला त्याचा अर्थ कळत नव्हता, आणि कळत नव्हता म्हणूनच सगळे तिच्याकडे आणखी आदराने बघत. विहिरीवरच्या बायका ती आली की बादली बाजूला घेत.

कमळाची अडचण मात्र कुणाला दिसत नव्हती. अर्जासोबत विषयाचा आराखडा द्यायचा होता आणि तिचे दोन विषय सरांनी परत केले होते. दोन्ही पुस्तकातले आहेत, म्हणाले. मग त्यांनी विचारलं होतं, "तुमच्याकडे धान होतं ना? खळ्यावर ते मोजतात कसं, वाटतात कसं? आता किलो येतोय. आणखी दहा वर्षांनी हे सांगायला माणूस मिळणार नाही. ते बघून या, आणि मग अर्ज द्या." अर्जाची मुदत संक्रांतीनंतर लगेच संपत होती.

तिचे वडील गुणवंतराव अहेरीला जंगल खात्यात कारकून होते. दरवर्षीप्रमाणे राशीच्या वेळी ते गावी आले होते, आणि येताना लेकीसाठी चांद्याच्या बँकेतली नोकरी पक्की करून आले होते.

"अर्ज देशीन त दे," ते म्हणाले. "मी आडवा येत नाई. पन आराखडा नाई जमला त फेब्रुवारीपासून बँक. मी जबान देल्ली हाये त्यायले. आनखी सालभर निसतं बसून राह्यनं नाई."

म्हणजे सगळं येऊन थांबलं होतं उद्याच्या राशीवर. पेंढ्यांचे पुंजणे मोडून, बैल फिरवून चुरणा, म्हणजे मळणी, झाला होता. धान वारवून खळ्यावर रास पडली होती, आणि ती मोजणार होते दादाजी.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर कमळाने विषय काढला.

"मोठे बाबा, उद्या मी खळ्यावर येऊ? मले लिहून घ्याचं हाये. तुमी कसे मोजता, कोनाले किती देता, सगळं."

दादाजींना आधी बरं वाटलं. आपलं मोजणं नागपूरच्या पुस्तकात जाणार! मग 'लिहून' हा शब्द त्यांच्या डोक्यात शिरला आणि चेहरा उतरला.

"रास मोजता मोजता लिहाची नसते, बाई."

"काऊन?"

"नसते." त्यांनी मनकर्णाबाईकडे पाहिलं. तिने सुपारी कातरणं थांबवलं नाही. "माह्या बापाच्या वक्ताले मालगुजाराचा मानूस खळ्यावर लेखनी घिऊन बसे. इकडं माप पडे, तिकडं तो लिहे. त्यानं जे लिहिलं ते गाडीत जाये. उरलं ते आपलं. मंग बापानं ठरवलं का घरची रास कोनी लिहाची नाई. कोठीत पडल्यावर लिहा, नाई त नोका लिहू."

"मालगुजारी गेली न आता, भाऊ," गुणवंतराव म्हणाले.

"गेली. पन बापाचा सबद नाई गेला." दादाजींनी हात जोडल्यासारखे केले, पुतणीपुढे. "तू शिकेल आहेस बाई, तुले राग आला असल. मले माफी कर."

कमळाला रडायला आलं. नकार दिला म्हणून नव्हे, मोठ्या बाबांनी माफी मागितली म्हणून.

"लिहीन नाई," ती म्हणाली. "निसती पाहीन."

"पाह्य न! काऊन नाई? लांबून पाह्य." दादाजींना एकदम हायसं झालं. "लटाऱ्या, उद्या खुर्ची खळ्यावर नेजो रे!"

*

खळं शेणाने सारवलेलं होतं आणि मधोमध रास उभी होती. कमळा लहानपणापासून ती पाहत आली होती, पण या वेळी जरा लांबून, खुर्चीवरून पाहताना तिचा ऊर भरून आला. सगळं वर्ष त्या ढिगात होतं. रोवण्याच्या चिखलात वाकलेल्या बायका त्यात होत्या, तळ्याच्या पाण्यावरून झालेली भांडणं होती, रानडुकरांसाठी माळ्यावर बसून काढलेल्या रात्री होत्या. आणि ते सगळं आता एका लाकडी कुडवाने मोजलं जाणार होतं.

दादाजी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून पूर्वेला तोंड करून बसले. लटारू धान वाहायला बांबूच्या ढोल्या घेऊन उभा राहिला. गावातले चारजण खळ्याच्या कडेला येऊन बसले होते. रास मोजताना कुणी बोलायचं नाही, खोकलाही गिळायचा. आकडा फक्त मोजणाऱ्याने उच्चारायचा, आणि पहिल्या मापाला आकडाच नाही. पहिलं माप म्हणजे 'लाभ'. मग दोन, तीन, चार.

तो लाभ वेगळ्या टोपलीत पडे आणि त्यावर घराचा हक्क नसे. रास संपली की तो कुणाला द्यायचा ते दादाजी ठरवत. एका वर्षी तो वैनगंगेवरच्या नावाड्याला गेला होता, मागच्या वर्षी सुईणीला. एकदा दिला की तो परत मागायचा नाही, त्याचं काय केलं हेही विचारायचं नाही. गावातले चारजण कडेला बसले होते ते यासाठीच. या वर्षी कुणाचं नाव निघतं ते त्यांना ऐकायचं होतं.

दादाजींनी डोळे मिटले, कुडव राशीत खुपसला, हाताने वरचं धान सपाट केलं आणि माप उचललं.

"एक," कमळा म्हणाली.

ती काही ओरडली नव्हती. सात वर्षं ज्या तोंडाने एक, दोन, तीन मोजलं होतं, त्या तोंडातून तो शब्द आपोआप निघाला. पण खळ्यावर पानही हलत नव्हतं, त्यामुळे तो सगळ्यांनी ऐकला. लटारूच्या हातातली ढोली तशीच राहिली.

दादाजींचा हात हवेत थांबला. मग त्यांनी कुडव पुन्हा राशीत ओतला, मागे वळून पाहिलं, आणि त्यांचा आवाज फुटला.

"कमळे! अक्कल गहान ठेवून आली काय नागपुरात? बापजन्मी रास पाह्यली नाई तुनं? उतर! उतर त्या खुर्चीवरून आधी!"

कमळा ताडकन उतरली. कान तापले होते. तरी मनात कुठेतरी एक चिमुकला आनंद फिरत होता. किती दिवसांनी मोठ्या बाबांनी तिला कमळे म्हटलं होतं.

*

राशीवर घोंगड्या टाकल्या गेल्या. घरी ओसरीवर सगळे बसले, आणि खुर्ची कोपऱ्यात रिकामी उभी राहिली. शकुबाई, कमळाची आई, आतल्या दारापाशी डोक्यावरचा पदर ओढून उभी होती. दादाजी तिचे भासरे, मोठे दीर. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्याशी थेट बोललेली नव्हती. जे सांगायचं ते जावेच्या तोंडून, तिकडून यायचं तेही जावेकडून.

"झालं गेलं," गुणवंतराव म्हणाले. "उद्या भाऊ पुन्हा मोजन. पोरीनं आता खळ्याकडं फिरकू नये. परवा मी तिले घिऊन चांद्याले जातो, बँकेच्या साहेबाले भेटवतो."

"तसं नाई होत, गुनवंता." मनकर्णाबाईने अडकित्ता खाली ठेवला. कमळाच्या शिक्षणाला तिचा सुरुवातीपासून विरोध होता, पोरीचं वय चाललं म्हणून ती वर्षातून दोनदा रडायची. त्यामुळे ती काय बोलते याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. "मामंजी सांगून गेले. ज्याच्या तोंडून रास मोडली त्याच्याच हातानं मोजाची. दुसऱ्यानं हात लावला त बरकत जाते."

"वयनी, पोरगी हाये ते! राशीवर बाईमानूस बसते काय कवा?"

"मामंजीनं बाई-गडी नाई सांगतलं. ज्याच्या तोंडून म्हनलं."

"तवा खळ्यावर बाया येतच नव्हत्या, कायले सांगन?"

दादाजी जमिनीकडे बघत बोटाने रेघा ओढत होते. त्यांच्या मनात काही वेगळंच चाललं होतं. आपण ओरडलो. एवढी शिकलेली पोर, आणि आपण चारचौघांत तिच्या अंगावर ओरडलो. आता तिलाच उन्हात बसवून धान मोजायला लावायचं?

"तिले नाई लावत मी," ते अखेर म्हणाले. "तिचे हात लेखनीचे आहेत. बरकत गेली त जाऊ द्या. मीच मोजतो."

शकुबाईने एकदा लेकीकडे पाहिलं. कमळा खांबाला टेकून, खाली मान घालून बसली होती. जमिनीवर. आल्यापासून पहिल्यांदा तिला कुणी उठून वर बस म्हटलं नव्हतं, आणि शकुबाईला ते बघून इतकं बरं वाटलं होतं की आता ते पुन्हा हातचं जाईल या भीतीने ती घाबरली. ती जावेकडे वळली, पण शब्द तिकडे गेलेच नाहीत.

"भाऊजी," ती म्हणाली.

मनकर्णाबाईने चमकून वर पाहिलं. गुणवंतरावांचं तोंड उघडं राहिलं.

"भाऊजी, मले एकच सांगा. कमळी तुमच्या घरची हाये का नाई?"

दादाजींना वर बघायचं धाडस झालं नाही. "हाये न, बाई. हे का इचारनं झालं?"

"मंग घरच्या पोरीवानी वागवा तिले. खुर्ची तिनं मांगतली नव्हती. चार दिवस झाले, माह्या घरात पावनी बसल्यावानी बसून राह्यली ते. कोनी हासत नाई तिच्यासंग, कोनी काम सांगत नाई. आज तुमी रागावले त मले वाटलं, आली माही पोरगी घरी." तिने पदर आणखी पुढे ओढला. "चूक तिची हाये. तिले निस्तरू द्या."

मग दादाजी उठले, कोपऱ्यातली खुर्ची उचलून गोठ्याच्या भिंतीला लावून आले, आणि कमळासमोर उकिडवे बसले.

"कमळे, उद्या फटफटताच आंघोळ करजो. पानी थंडं असल, रडाचं नाई."

*

पाणी खरंच थंड होतं. ओल्या केसांचा अंबाडा घालून कमळा राशीपुढे बसली, मोठे बाबा बसत तिथेच. कुडव तिने पहिल्यांदाच हातात घेतला. लाकूड आतून गुळगुळीत झालं होतं, आणि धरायच्या जागी बोटांच्या खाचा पडल्या होत्या. मोठ्या बाबांच्या, त्यांच्या वडिलांच्या, त्यांच्याही आधीच्या कुणाच्या. तिची बोटं त्या खाचांत लहान पडत होती. एवढ्या माणसांच्या हातात आपला हात आहे असं तिला वाटलं.

तिने माप भरलं, सपाट केलं, उचललं.

"लाभ."

स्वतःचाच आवाज तिला अनोळखी वाटला. लाभ टोपलीत पडला. मग दोन, तीन, चार. दर वीस मापांवर दादाजी न बोलता एक मूठ धान बाजूच्या फडक्यावर ठेवत. एक मूठ म्हणजे एक खंडी. थोड्या वेळाने पाठ भरून आली, मग खांदे, मग तळहात सोलवटले. तिने एकदा मोठ्या बाबांकडे पाहिलं. ते तिच्याकडे न बघता मापाच्या काठाकडे बघत होते. कडेला गुणवंतराव उभे होते, आणि त्यांच्या मागे, गवताच्या गंजीपाशी, माय आणि मोठी माय. खळ्यापर्यंत आल्या होत्या दोघी, हे तिला नवल वाटलं.

आकडे पुढे जात होते आणि डोकं वेगळंच काही मोजत होतं. कॉलेजात शिकली होती ती पद्धत अगदी साधी होती. आधी जमा, मग खर्च, मग देणी, आणि सगळं वजा होऊन खाली शेवटच्या ओळीत जे राहील तो नफा. इथे तो सगळ्यांत आधी निघाला होता. रास किती आहे हे कळायच्या आधी, पुरेल की नाही हेही न बघता. आणि निघाला तो घरासाठी नव्हता.

रास उतरत उतरत शेवटी जमिनीला लागली. तळाशी मापभर नव्हे, अर्धं मापही भरेल न भरेल इतकं धान राहिलं. कमळा ते हाताने गोळा करायला लागली तेव्हा दादाजींनी तिच्या हातावर हात ठेवला.

"राहू दे. बूड जमिनीचं."

आता बोलायला हरकत नव्हती. तरी कमळा हळूच बोलली. "ते मोजाचं नाई?"

"नाई."

"मंग हिशोब बंद कसा होते, मोठे बाबा?"

"बंद काऊन कराचा? पुढच्या साली पेराचं नाई काय?"

कमळाने टोपलीतल्या लाभाकडे बोट केलं, आणि मग जमिनीवरच्या धानाकडे.

"पाहा न, मोठे बाबा. पयलं माप आपलं नाई. शेवटचं बी आपलं नाई. आपलं जे हाये ते मधात हाये. आमच्या सगळ्या पुस्तकांत धनी वर बसते अन् धनीच खाली बसते. त्याच्यापासूनच सुरू अन् त्याच्यापाशीच खतम. इथी दोन्ही दारं उघडी ठेवली हायेत." बोलता बोलता तिचा श्वास लागला. "असा हिशोब मी कुठीच वाचला नाई."

दादाजींनी टोपली पाहिली, तळ पाहिला. मिसरूड फुटल्यापासून ते हेच करत आले होते. वडिलांनी सांगितलं म्हणून पहिलं बाजूला काढायचं, सांगितलं म्हणून शेवटचं राहू द्यायचं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

"मले हे दिसलंच नाई कवा," ते म्हणाले. नागपूरच्या मंडपात उठून उभे राहिले होते तेव्हाचाच भाव त्यांच्या डोळ्यांत आला होता, पण या वेळी ते तिच्या शेजारी मातीत बसलेले होते. "मी इथीच बसून राह्यलो न. तू दूर जाऊन आली, तुले दिसलं."

शेवटची ढोली कोठीत रिकामी करून लटारू परत आला. दादाजी उठले आणि गुडघे झटकले.

"पडलं कोठीत. आता लिही. पाह्यजे तेवढं लिही."

कडेचे चारजण उभे राहिले होते. एकाने खाकरून विचारलं, "भाऊ, आवंदा लाभ कोनाले?"

दादाजींनी टोपली उचलली. नावाड्याचं घर खाली नदीकडे होतं, सुईणीचं देवळामागे. दोन्हीकडच्या वाटा खळ्यावरूनच फुटत. त्या कुठल्याच वाटेकडे ते वळले नाहीत. चार पावलं चालून त्यांनी टोपली कमळाच्या पुढ्यात ठेवली.

"आवंदाचा लाभ नागपूरले जाईल."

गुणवंतरावांना समजायला क्षणभर लागला. मग ते पुढे झाले. "भाऊ, मी जबान देल्ली हाये बँकेले..."

"तुनं बँकेले देल्ली. मी राशीवर देल्ली." दादाजींचा आवाज चढला नाही. "लाभ परत मांगत नाईत, गुनवंता. काय केलं तेही इचारत नाईत. दोन साल लागो का दहा, पास होओ का नापास. आता पोरगी घराच्या मोजनीत नाई."

या खळ्यावर गुणवंतरावही लहानाचे मोठे झाले होते, आणि दिलेला लाभ मागे घेतल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, उगाच झटकली, पुन्हा घातली.

"त्यायले कळवून देतो," ते म्हणाले. मग लेकीच्या सोलवटलेल्या हातांकडे बघत, "तूप लाव व त्याले."

गंजीपाशी मनकर्णाबाई डोळे पुसत होती. शकुबाई पुसत नव्हती. भासऱ्यांनी काय दिलं ते तिला सगळ्यांत आधी कळलं होतं. काल तिने भांडून पोर घरची करून घेतली होती, आणि आज तीच पोर लाभात निघून गेली. राग यावा असं काही त्यात नव्हतं, आणि जे वाटत होतं त्यात कुठेतरी अभिमानही होता.

ती पुढे आली. "न्याच्या आधी कांडून देतो," म्हणत तिने टोपली कमरेवर घेतली. कमळाही उठून तिच्या मागे निघाली. वाटेत लटारू भेटला, खुर्ची डोक्यावर घेऊन शाळेकडे चालला होता.

उंबऱ्याशी टोपली जराशी कलली आणि धानाचा एक दाणा आत, ओसरीच्या सारवणावर पडला. शकुबाई थांबली. कमरेवरच्या टोपलीसकट कशीबशी वाकली, तो दाणा चिमटीत उचलला आणि टोपलीत परत टाकला.

"राह्यला असता त काय झालं असतं, माय?" कमळा म्हणाली.

"नाई," शकुबाई म्हणाली. "तुह्या लाभातला हाये. आता घरात ठेवता येत नाई."